सहदेव हडकर समजावून सांगतो

खाजणवाडीत मासळीचा कारखाना यावा असं जिवापासून वाटणारा माणूस गावात एकच होता, आणि तो कारखाना ज्याच्यामुळे परत गेला तो माणूसही तोच. सहदेव हडकर. गाव त्याला सादेव म्हणतं.

सहदेवचा धंदा आवाजाचा. स्पीकर भाड्याने द्यायचे, मांडवाला माळा लावायच्या, आणि कुणी सांगितलंच तर माईकही स्वतःच धरायचा. टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धांत मालवणपासून देवगडपर्यंत त्याची कॉमेंटरी गाजलेली. लोक सामना बघायला कमी आणि त्याला ऐकायला जास्त जमत. त्याचं कारण त्याची एक खोड. अवघड शब्द समोर आला की तो फोडून, सोलून, बी काढून समोरच्याच्या तळहातावर ठेवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. एकदा कडेला बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "सादेवा, ह्या फ्री हिट म्हंजे काय रे?" तर हा चालू षटकात म्हणाला, "आजये, दुकानदारान तुका वजनात फसवल्यान, म्हणान पुढचो नारळ फुकट. नासको निघालो तरी तुझा काय्येक जावचा नाय." म्हातारीला कळलं. अंपायरलाही त्याच दिवशी पहिल्यांदा नीट कळलं, असं मुलं सांगतात.

अशा माणसाचं एक असतं. समोरच्याच्या चेहऱ्यावर 'कळलं' असं उमटलं, की त्याचं काम संपलं. कळल्यावर समोरचा काय करील, हा विचार सहदेवच्या धंद्यात कधी आलाच नव्हता.

त्याचा एकुलता मुलगा समर्थ. केमिकलचा डिप्लोमा करून तो गोव्यात औषधांच्या एका कारखान्यात कंत्राटावर लागला होता. सहदेवची बायको रुक्मिणी म्हणायची, "माझो झील कॅलेंडरातल्या लाल अक्षरासारखो. सणाक दिसता, मगे पान उलाटला की नाय." ती हे हसत म्हणायची, पण म्हणून झाल्यावर बराच वेळ चुलीकडे बघत बसायची.

अशात 'सागरतेज' नावाची कंपनी आली. खाडीच्या मुखाशी, कातळावर, मासळी वाळवून तिची भुकटी आणि तेल काढायचा कारखाना. बोटींसाठी छोटी जेटी. आणि शिकलेल्या स्थानिक मुलांना नोकऱ्या. कंपनीचं काम बघायला पुण्याहून अनिश नावाचा तरुण आला होता. चष्मा, पाठीवर बॅग, आणि बोलण्यात इतका सज्जन की चहावाल्यालाही 'आपण' म्हणे. समर्थचा डिप्लोमा ऐकून तो म्हणाला, "अहो, मग प्रयोगशाळेत असाच मुलगा लागेल आम्हाला." सहदेवने ते वाक्य घरी नेलं. रुक्मिणीने त्या दिवशी देवापुढे दोन वाती जास्त लावल्या.

कारखान्याला मंजुरी मिळण्याआधी जनसुनावणी व्हायची होती. म्हणजे गावाला एकत्र बसवायचं, प्रकल्पामुळे हवेचं, पाण्याचं काय होणार ते सांगायचं, आणि लोकांचं म्हणणं लिहून घ्यायचं. त्यासाठी अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत ठेवला होता. तो वाचायचा प्रयत्न काहींनी केला. त्यात असं होतं: 'प्रस्तावित प्रकल्पाच्या प्रचालन टप्प्यात प्रक्रियाकृत सांडपाण्याच्या विसर्गामुळे ग्राही जलस्रोतावर होणारा प्रतिकूल परिणाम स्थानिक, प्रत्यावर्ती व नगण्य स्वरूपाचा राहील.' वाचणाऱ्याने एकदा वाचलं, दुसऱ्यांदा मोठ्याने वाचलं, आणि पुस्तिका जपून जागेवर ठेवून दिली. मराठीच होती, यात शंका नव्हती.

कारखान्याला विरोध नव्हता असं नाही. कुडाळहून एक संस्था येऊन गेली होती. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली, परिसंस्था, जैवविविधता, शाश्वतता असं बरंच सांगितलं. गावाने मन लावून ऐकलं, वडे खाल्ले आणि त्यांना नारळ दिला. जाताना प्रेमलताकाकी म्हणाली, "माणसां चांगली होती. कित्याक इल्ली होती?" प्रेमलताकाकी म्हणजे सहदेवची लांबची चुलती आणि शेजारीण, मालवणच्या बाजारात मासे विकून तिने घर उभं केलेलं. तिला जे कळत नाही ते गावात कुणालाच कळलेलं नसतं, असा एक समज होता.

तर दोन्ही बाजूंचं कुणालाच कळत नव्हतं, आणि त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं.

कंपनीच्या वकिलाचं मत होतं की हे असंच राहू द्यावं. अहवाल वाचून दाखवा, चहा द्या, चला. पण अनिश तत्त्वाचा माणूस. तो सहदेवच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येऊन बसला आणि म्हणाला, "काका, लोकांना न सांगता मंजुरी घेणं मला पटत नाही. विरोध होतो तो गैरसमजामुळे. विषय नीट समजला की विरोध मावळतो, आम्हाला हेच शिकवलंय. तुम्ही सगळं मालवणीत समजावून सांगाल?"

सहदेवला वाटलं, आजवर आपण चौकार-षटकारांवर तोंडाची वाफ दवडली ती याच दिवसासाठी. समर्थ घरी येणार, आणि तोही आपल्या आवाजावर बसून. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही मला फक्त अर्थ सांगा. लोकांच्या घशाखाली उतरवायचं काम माझं."

मग रोज संध्याकाळी अनिश शिकवायचा आणि सहदेव शिकायचा. अनिशने त्याच्यापासून काही लपवलं नाही. लपवावं असं त्याला त्यात काही वाटलंच नाही. 'ग्राही जलस्रोत' म्हणजे सांडपाणी ज्यात सोडायचं ते पाणी, थोडक्यात आपली खाडी. 'सुपोषण' हा शब्द बघून सहदेव आधी खूश झाला होता. अंगणवाडीच्या भिंतीवर तोच शब्द गुटगुटीत बाळाशेजारी रंगवलेला होता, तेव्हा कंपनी मुलांना खाऊ देणार असा त्याचा हिशेब. अनिशने सांगितलं की पाण्याच्या शास्त्रात हा शब्द चांगला नाही. पाण्यात खत-माती-सेंद्रिय घाण जास्त झाली की शेवाळ माजतं, मग ते कुजतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं. सहदेव थोडा हिरमुसला, पण लगेच त्याला उदाहरण सुचलं आणि तो पुन्हा खुलला.

बीओडीने मात्र त्याला छळलं. जैवरासायनिक प्राणवायू मागणी. रात्री जेवताना त्याने ते रुक्मिणीवर करून बघितलं.

"समज, पाण्यात घाण सोडली. ती खावक बारीक बारीक जंतू येतत. खाताना ते श्वास घेतत, आणि पाण्यातलो प्राणवायू संपवतत. जितकी घाण जास्त, तितकी जंतूंची पंगत मोठी. ती पंगत किती प्राणवायू खातली, तेचो आकडो म्हंजे बीओडी."

रुक्मिणीने माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. "म्हंजे धाकट्या भावजींच्या लग्नात झाला ता. वऱ्हाडान हात धुवन, अंगोळी करून आमची बाव आटयली आणि घरच्यांका प्यायाक पाणी उरला नाय."

"तेच!" सहदेव ताटावरून उठायचाच बाकी राहिला. "आता ह्याच उदाहरण देतंय बघ."

"पण मगे घरचे कोण रे, हेच्यात?"

"मासे."

"आणि तेंचा काय होता?"

"ता सगळा मर्यादेत आसा," सहदेव म्हणाला, आणि तिनेही पुढे विचारलं नाही. समर्थ घरी येणार होता.

सुनावणी शाळेच्या मैदानावर झाली. स्पीकर सहदेवचेच. व्यासपीठावर अपर जिल्हाधिकारी दीपिका मॅडम, प्रदूषण मंडळाचे अधिकारी, आणि बाजूला कंपनीची माणसं. आधी अनिशने शुद्ध मराठीत पडद्यावरून सगळं सांगितलं. गाव शांत बसून होतं. मागच्या रांगेत दोघांना डुलकी लागली. वकील समाधानाने घड्याळाकडे बघत होता. मग अनिशने जाहीर केलं, "आता आपले सहदेवकाका हेच सगळं आपल्या भाषेत सांगतील," आणि वकिलाने डोळे मिटून घेतले.

सहदेवने माईक हातात घेतला, फुंकर मारली, आणि मैदान जागं झालं.

"गाववाल्यानू, साहेबांनी आत्ता सांगल्यानी ता सगळा खरा आसा. फक्त ता जरा सोलूक होया."

हशा आला. सहदेवने बीओडीपासून सुरुवात केली. वऱ्हाडाची पंगत, आटलेली बाव, सगळं रंगवून सांगितलं. धाकटे भावजी गर्दीतच होते. त्यांना लोकांनी कोपरखळ्या मारल्या. मग सुपोषण घेतलं. "शेतात खत जास्त पडला तर काय होता? भात माजता, गुडघ्याच्या वर जाता, बघणारो म्हणता व्वा! आणि मगे लोळता, कुजता, दाणो धरूचो नाय. खाडीक तसाच होता. हिरवीगार दिसतली, पण आत काय्येक जगाचा नाय." लोकांनी माना डोलावल्या. अनिशही पहिल्या दोन उदाहरणांना कौतुकाने हसला.

मग प्रेमलताकाकी उभी राहिली. "सादेवा, ह्या आमच्या खाडीक होतला काय?"

"होवचा नाय, काकी. कारण सांडपाणी शुद्ध करून, मर्यादेत आणूनच सोडतले."

"मर्यादा म्हंजे?"

इथे 'निर्धारित मानकांच्या आत' एवढं म्हणून सहदेव पुढे जाऊ शकला असता. पण समोर एक चेहरा न कळलेला होता.

"म्हंजे असा बघ. एकाचो घोव सांजेक वायच घेता. पण घर चुकाक लागलो, भांडाक लागलो, असा करणा नाय. घेता, पण मर्यादेत. तशी घाण सोडतले, पण मर्यादेत."

पुरुषांत हशा पिकला. बायकांच्या बाजूला मात्र एकदम शांतता झाली. त्यातली एक बाई, एरवी कधी न बोलणारी, बसूनच म्हणाली, "आणि मर्यादा मोजता कोण? तोच मा?"

सहदेवने अनिशकडे बघितलं. अनिशने माईकवर येऊन सांगितलं की नमुने कंपनी स्वतः घेईल आणि नियमाप्रमाणे मंडळाला कळवेल, शिवाय मंडळही वेळोवेळी तपासणी करेल. सहदेवने ते मालवणीत आणलं: "घोव स्वतः सांगतलो किती घेतलंय ता. आणि मधीमधी सासरो येवन तोंडाचो वास घेतलो."

आता बायका हसल्या, आणि पुरुषांची हसण्याची पाळी संपली. दीपिका मॅडमनी ओठ घट्ट मिटून कागदाकडे बघितलं.

अनिश हलकेच सहदेवजवळ आला. "काका, थोडक्यात घ्या आता."

"साहेब, थोडक्यात सांगितलेलं कुणाला कळत नाही," सहदेव कळकळीने म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की डाव आपल्या बाजूला झुकतोय. इतकी माणसं, इतके प्रश्न. कुडाळच्या संस्थेला एकही आला नव्हता.

पुढे जैवसंचय आला. काही विषारी पदार्थ पाण्यात नावालाच असतात, पण बारीक जीव ते खातात, त्यांना छोटे मासे, त्यांना मोठे, आणि दर वेळी अंगात साठलेलं वाढत जातं. सहदेव म्हणाला, "गजाल कशी वाढता? आवाठात कोणी म्हटल्यान शिंकलो, तर तिठ्यार ताप, बाजारात हॉस्पिटल, आणि मुंबैक पोचासर माणूस मेलो. तसा ह्या. शेवटच्या तोंडात सगळ्यात मोठा."

"आणि शेवटचा तोंड कोणाचा?" प्रेमलताकाकीने विचारलं.

"सुरमय खाता तेचा," सहदेव म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्यालाच थोडं जड गेलं.

लोक आता खुर्च्या पुढे ओढून बसले होते. सारांशाच्या शेवटच्या पानावर 'मिश्रण क्षेत्र' असा शब्द होता. तो अनिशने दोन मिनिटांत उरकला होता. सहदेवनेही खळ्यात तो पटकन समजून घेतला होता. त्याने सांगायला घेतलं. "पायपातसून पाणी भायर पडला की लगेच समुद्रात मिसळणा नाय. तोंडाकडे काही अंतरापर्यंत ता तसाच रवता. थयसरचा पाणी खराब रवतला, ह्या कंपनीन कागदार मान्य केल्यान हा. लपवक नाय. तेच्या पलीकडे सगळा बरा."

"आणि ता पायपाचा तोंड खंय येता?"

सहदेवने पडद्यावरच्या नकाशाकडे बघितलं. नकाशा त्याने रोज बघितला होता. त्यावर लाल ठिपका होता, अक्षांश-रेखांश होते. आता पहिल्यांदाच त्याने त्या ठिपक्याला गावाच्या नावाने हाक मारली.

"कालवांच्या खडपार," तो म्हणाला.

ओहोटी लागली की हा खडक उघडा पडतो, आणि गावातल्या निम्म्या बायका त्या खडपावर कोयते घेऊन शिंपल्यातली कालवं काढायला बसतात. प्रेमलताकाकी तिथेच लहानाची मोठी झाली होती. रुक्मिणी तिथेच जाते. मैदानावर बायका उठून उभ्या राहिल्या. मग सगळे एकदम बोलले.

दीपिका मॅडमनी हात वर करून शांतता केली आणि अनिशला विचारलं, "यांनी सांगितलं ते अहवालात आहे का?"

अनिशचा चेहरा पडला होता, पण खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "शब्द वेगळे आहेत मॅडम. पण... हो. असंच आहे."

त्यानंतर सह्या झाल्या, हात वर झाले, एकेकाने माईकवर येऊन 'नको' म्हटलं आणि ते लिहून घेतलं गेलं. विशेष म्हणजे जो तो बीओडी, जैवसंचय, मिश्रण क्षेत्र हे शब्द बिनचूक वापरत होता. प्रदूषण मंडळाचे अधिकारी शेजाऱ्याला म्हणाले की इतकी अभ्यासू सुनावणी त्यांनी पाहिली नव्हती. सहदेव कोपऱ्यात स्पीकरच्या पेटीवर बसला होता. मग तरुण आले आणि त्यांनी त्याला खांद्यावर घेतला. तो वरून ओरडत होता, "अरे सोडा, अरे माका बोलूक देवा," पण त्याच्या हातात माईक नव्हता.

घरी रुक्मिणी दाराच्या आत उभी होती. तिने ताट वाढलं आणि आत जाऊन बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "इतक्या उदाहरणां देवक होयी होती?"

"माका वाटला, कळला की हो म्हणतले," सहदेव म्हणाला.

काही दिवसांनी कंपनीने 'अधिक अभ्यासासाठी' म्हणून प्रस्ताव मागे घेतला. अनिश निरोप घ्यायला आला. तो चिडलेला नव्हता, आणि तेच सहदेवला जास्त लागलं. "काका, मी रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं," तो म्हणाला. "तुमचं एकही वाक्य चुकीचं नाही. वरिष्ठांनी मला विचारलंय, नेमकं काय बिघडलं ते लिहून दे. काय लिहू, कळत नाहीये." सहदेवने त्याला सोलकढी दिली. अनिशने ती सावकाश संपवली. मग अनिश गेला.

त्यानंतर सहदेवच्या सत्कारांचा हंगाम सुरू झाला. पंचायतीने 'पर्यावरणरक्षक' असा भलामोठा फ्लेक्स लावला. त्याच्यावर सहदेवचा फोटो, मागे धबधबा आणि एक वाघ. शाल प्लास्टिकच्या पिशवीतून निघाली, पुष्पगुच्छ प्लास्टिकच्या कागदात होता, आणि पाणी छोट्या बाटल्यांतून दिलं गेलं. देवबागच्या होमस्टेवाल्यांनी त्याला व्याख्यानाला बोलावलं. कणकवलीच्या बाजूची एक शाळा बोलावून गेली. एका वर्तमानपत्राने 'खाडीचा आवाज' असा मथळा दिला. रुक्मिणी शाली घडी करून कपाटात ठेवत गेली. एक तिने घरातल्या इन्व्हर्टरवर धूळ बसू नये म्हणून घातली.

सहदेवला हे सगळं खोटं वाटायचं. शेवटी तालुक्याच्या एका मोठ्या सत्कारात त्याने ठरवलं, सांगून टाकायचं. तो माईकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "माका कारखानो होयो होतो. माझ्या झिलाक नोकरी मिळतली म्हणान मी बोलूक उभो रवलंय. मी खाडी बिडी काय वाचवक नाय." सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी उठून त्याला मिठी मारली. "असा विनय आज कुठे बघायला मिळतो!" ते माईकवर म्हणाले. आजवर सहदेवने सांगितलेलं आणि समोरच्याला न कळलेलं, असं ते पहिलंच.

चतुर्थीला समर्थ आला. सुनावणीचं त्याला फोनवर कळलं होतं, तरी बाप विषय काढायला घाबरत होता. आरती झाल्यावर समर्थनेच काढला. "बाबा, मी थंय काय करतंय माहीत आसा?"

"प्रयोगशाळेत आसस मा?"

"सांडपाण्याच्या प्लांटार. बीओडीचे नमुने घेतंय." तो हातातल्या मोदकाच्या कळ्या एकेक करून सोडवत राहिला. "आमच्या कारखान्याच्या सुनावणीक तुमी असतास ना, तर माझी ही नोकरीय नसती."

तो गमतीने म्हणाला की कसं, ते सहदेवला ठरवता येईना. पण मुलगा हसला, तेव्हा तोही हसला.

एवढं नाव झाल्यावर पंचायतीने त्याला स्वच्छता समितीचा अध्यक्ष केला. सहदेवला पद नको होतं, पण विषय आता त्याला सोडत नव्हता. वाचायची सवय लागली होती. कारखाना नाही आला, तरी खाडीत काय काय जातं हे त्याच्या नजरेत भरू लागलं. बोटीचं काळं तेल बदलून बंदरातच ओततात ते. नव्या होमस्टेंच्या संडासांचे शोषखड्डे बावीपासून हाताच्या अंतरावर खणलेत ते. वाळूतून पाणी पाझरायला वेळ लागत नाही. त्याने शहरात नेऊन काही बावींचं पाणी तपासून आणलं. मग ग्रामसभेत तो उभा राहिला, त्याच आवाजात, त्याच मालवणीत.

"कोलिफॉर्म म्हंजे काय ता सांगतंय," त्याने सुरुवात केली. "माणसाच्या पोटातले जंतू. ते बावीत सापडले, म्हंजे कोणाच्यातरी संडासाची वाट बावीत पोचली. चोर दिसलो नाय तरी पावलां दिसली, तसा. आता आमच्या वाडीत..."

"सादेवा," मागून कुणी म्हणालं, "जरा सोप्या भाषेत सांग मा."

त्याने आणखी सोपं केलं. शेवटी तर इतकं सोपं केलं की त्यात उदाहरणही उरलं नाही. कुणाचा खड्डा, कुणाची बाव, नावानिशी सांगितलं. लोक जांभया देऊ लागले. एक जण फोन आला म्हणून उठला, मग त्याच्या मागून चार जण फोन आला म्हणून उठले. बोटवाल्यांनी सांगितलं की हे शास्त्राचे विषय आहेत, तज्ज्ञांकडून समजून घ्यावे लागतील. प्रेमलताकाकीनेही पदर सावरला. "तू हल्ली खूप कठीण बोलतंस रे," ती जाताना म्हणाली. तिच्या सुनेने नवीन दोन खोल्या बांधल्या होत्या, आणि त्यांचा खड्डा त्या यादीत होता.

सहदेव घरी येऊन खळ्यात बसला. "पंचवीस वर्सां बोलतंय," तो म्हणाला. "माझी मालवणी माझ्या गावाक कळाक नाय असा कधी झाला नाय. आज एकाकय कळला नाय."

रुक्मिणी नारळ सोलत होती. "सगळ्यांका कळला," ती म्हणाली. "म्हणान तर उठान गेले."

तिने सोललेला नारळ बाजूला ठेवला.

"आणि आपलो खड्डो?" तिने विचारलं. "तेचा नाव घेतलंस?"

नव्हतं घेतलं. हडकरांचा शोषखड्डा त्यांच्याच बावीला लागून होता. सहदेवच्या वडिलांनी सोयीचं पडेल म्हणून तिथे खणवला होता, आणि बावीच्या पाण्याचा नमुना शहरात नेताना सहदेवने आपल्या घरचा तेवढा घेतला नव्हता. का घेतला नव्हता, हे त्याने स्वतःलाही कधी समजावून सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात त्याने गडी लावले. जुना खड्डा उपसून बुजवायचा आणि माडाच्या पलीकडे, उताराच्या खालच्या अंगाला, नवा काढायचा. काम घाणीचं आणि वासाचं. येणारे-जाणारे आवाराच्या दगडी गडग्यापाशी थांबत, नाकाला पदर लावत आणि विचारत, "सादेवा, ह्या कित्याक?" सहदेव उत्तर द्यायला तोंड उघडायचा, आणि रुक्मिणी आतून खाकरायची. मग तो म्हणायचा, "असाच. काम होता." लोकांना ते पटकन कळायचं आणि ते पुढे जायचे.

काम संपत आलं त्या दुपारी प्रेमलताकाकी गडग्याच्या पलीकडून आली. मासे विकून परत येताना डोक्यावरची टोपली तशीच होती. तिने नवा खड्डा वाकून बघितला, जुन्याची जागा बघितली, बावीपर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजलं.

"ह्ये गडी उद्या मोकळे आसत?" तिने विचारलं.

"आसत. कित्याक?"

"आमच्याकडे पाठव." ती दोन पावलं गेली आणि वळून, टोपली सावरत, बजावून म्हणाली, "पण सादेवा, माका समजावक येव नको हां."